बाणकोटला ठेवलेले वायपर

मामू, आज दुब्यात पाऊस पडला. पडला म्हणजे काय, आपल्याकडे ज्याला कोणी पाऊस म्हणणार नाही, तेवढा. पण तुम्हाला ठाऊकच आहे, सौदीच्या या टोकाला तेवढ्यावर शाळा सुटतात. समुद्राकडून काळं भरून आलं, बंदरावरच्या क्रेनचं टोक दिसेनासं झालं आणि पंधरा मिनिटांत निम्मं गाव गाड्या काढून डोंगराच्या बाजूला निघालं, ओढ्याला पाणी आलं का ते बघायला. आपण कोकणातली माणसं, पाऊस आला की दारं लावून घेणारी. ही दारं उघडून बाहेर पडतात. पहिल्या वर्षी मी तुम्हाला विचारलं होतं, "मामू, ही माणसं वेडी आहेत काय?" तुम्ही म्हणालात, "तुला वर्षाला चार महिने फुकट मिळतं, म्हणून तुला किंमत नाही. गप चहा टाक." आता असरची बांग झालीय, शटर अर्धं खाली ओढलंय, दुकानातला माझा जोडीदार नाखवा मशिदीत गेलाय. मी इथेच नमाज उरकून बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानांवर हे लिहितोय. पुढच्या महिन्यात माझंही इथलं खलास आहे, पासपोर्टवर कायमच्या परतीचा शिक्का पडला. घरी गेलो की तुमच्या कबरीवर जावं लागेल आणि मामींसमोर बसावं लागेल. त्याआधी एक गोष्ट कुठेतरी बोलून टाकायला हवी. तोंडाने जमेलसं वाटत नाही, म्हणून हा कागद.

तुम्ही मला आणलंत तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, आणि मोटारीचं मला पंक्चरच्या पलीकडे काही कळत नव्हतं. अम्मीने तुम्हाला निरोप धाडला होता, "पोरगा तोंडाने फटकळ आहे, पण कामाला वाईट नाही." भावासमोर बहिणीने अर्धंच खरं सांगितलं. सुट्या भागांच्या या दुकानात पाऊल टाकलं त्याच सकाळी तुम्ही गल्ल्यावरून न बघता म्हणालात, "जा, दाभोळहून एक फॅनबेल्ट घेऊन ये." मी उभाच. मला वाटलं, मामूला उन्हाने काही झालं. मग तुम्ही उठलात, गुडघ्यावर हात ठेवून, आणि मला एकेका रॅकसमोर नेलंत. तुमचे वडील मुंबईहून कोकणात जाणाऱ्या जुन्या बोटीवर खलाशी होते. त्या बोटीची बंदरं तुम्हाला पोरवयापासून तोंडपाठ. दुकान लावताना कफील, आपला सौदी मालक, म्हणाला होता, रॅकना नंबर घाला. तुम्ही म्हणालात, नंबर माझ्या डोक्यात राहत नाहीत. तेव्हा दारातलं काउंटर झालं मुंबईचा धक्का, आणि तिथून आत सरकत श्रीवर्धन, बाणकोट, हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, आणि अगदी शेवटी, शिडी लावून चढायचा तो माळा, वेंगुर्ले. जे रोज लागतं ते अलीकडच्या बंदरांत, जे वर्षातून एकदा लागतं ते पलीकडे. फिल्टर बाणकोटला होते. "का?" म्हणून विचारलं तर म्हणालात, "आपलं गाव आहे, तिथे वर्दळ पाहिजे." तीस वर्षं तुम्ही या दुकानात रोज मुंबई ते वेंगुर्ले जाऊन येत होतात, आणि घरी मात्र दोन वर्षांतून एकदा.

वायपरचं तेवढं वेगळं होतं. वर्षभर ते वेंगुर्ल्यात, माळ्यावर पडलेले असत, कारण इथे वर्षभर वायपर कोण मागतो. पण ऑक्टोबर निम्मा झाला, इथले लोक ज्याला वस्म म्हणतात तो पावसाचा मोसम तोंडावर आला, की तुम्ही दारात उभे राहून समुद्राकडे तोंड करायचात आणि म्हणायचात, "यल्ला, वायपर पुढे आण." मग मी माळ्यावरून खोकी काढून बाणकोटला आणून लावायची. कारण पहिले चार थेंब पडले की सगळ्या गावाला एकदम कळतं की आपल्या वायपरचं रबर उन्हाने पापड होऊन गेलंय. त्या दिवशी दारात जत्रा. बाकीची दुकानं शोधाशोध करत बसायची, आपल्याकडे हात घातला की वायपर. कफीलही ते कौतुकाने सांगायचा, या हिंदी म्हाताऱ्याला पाऊस कळतो म्हणून.

मग ती रंगांची भानगड आली. सरकारने प्रत्येक धंद्याला रंग दिला, हिरवा, पिवळा, लाल. सौदी माणसं कमी असली की रंग उतरायचा, आणि पिवळ्यात गेलेल्या दुकानातल्या जुन्या माणसांचा इकामा, राहण्याचा परवाना, वाढत नव्हता. आपण पिवळ्यात गेलो. कफील आला, चहा घेतला, खूप वेळ पाणी-हवा बोलला आणि मग म्हणाला, एक सौदी माणूस ठेवतोय. तो काम शिकला की तो आणि तुमच्यातला एक. तिघांना या दुकानात जागा नाही. त्या काळात कितीतरी दुकानांत नाव कागदावर आणि माणूस घरी, असंच चालायचं, आणि मी मनात म्हटलं, असाच कोणीतरी येईल, चार दिवस एसीखाली बसेल, कंटाळेल, घरी जाईल, आपण दोघं आहोत तिथेच. पण आला तो नाखवा. पंचेचाळिशीचा, बोट विकलेला कोळी, हातावर दोरीचे वळ, घरात सात मुलं. त्याला घरी बसायचं नव्हतं. पहिल्याच दिवशी बाह्या मागे सारून विचारलं, "कुठून सुरू करू?" नाखवा हे नाव तुम्हीच ठेवलंत, आणि तो खूश झाला, कारण त्यांच्यातही बोटीच्या धन्याला जवळजवळ तेच म्हणतात.

मी त्याला हसायचो. तो ब्रेकपॅड घ्यायला जाऊन गॅस्केट घेऊन आला, तेव्हा मी गिऱ्हाइकासमोर हसलो. तुम्ही गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबलात. मग आवाज न चढवता म्हणालात, "तू पहिल्या महिन्यात कितीदा जयगडला जाऊन हात हलवत परत आलास? तेव्हा मी हसलो होतो काय रे?" मी म्हटलं, "मामू, हा शिकला तर आपल्यातला एक घरी जाईल, तुम्हाला कळतंय ना?" तुम्ही म्हणालात, "शिकायला आलेल्या माणसाला शिकवायचं. पुढचं अल्ला बघेल. आणि तू जास्त अक्कल पाजळू नकोस." त्या दिवशी मला तुमचा इतका राग आला होता की रात्री जेवलो नाही. तुम्ही माझी भाकरी झाकून ठेवलीत आणि सकाळी तीच दुधात कुस्करून स्वतः खाल्लीत.

खोकं फोडून तुम्ही पाठकोऱ्या पुठ्ठ्यावर त्याला आपला किनारा काढून दिलात, मार्करने, खाड्यांसकट. तो दर बंदराला थांबून विचारायचा, इथे मासा कुठला? खडक आहे का? बोट आत शिरते का? मग तो खाली आपला किनारा काढायचा, हक्ल, दुबा, वज्ह, उमलुज, यानबू. दोन माणसं, एकाचं अरबी मोडकं, दुसऱ्याला हिंदी येत नाही, तासन्‌तास माश्यांवर बोलत. दर गुरुवारी तो कागदात गुंडाळून मासा आणायचा. दुकानामागच्या त्या खोलीत, एका बाजूला बिछाने आणि दुसऱ्या बाजूला शेगडी, तुम्ही तांदळाच्या भाकऱ्या थापायचात आणि अम्मीने धाडलेली आमसुलं घालून कालवण करायचात. नाखव्याने पहिला घास घेतला तेव्हा आंबटाने त्याचा एक डोळा मिटला. पुढच्या आठवड्यात तो स्वतः भांडं घेऊन आला, कांदा काळपट होईपर्यंत परतून केलेला त्यांचा मासे-भात. तुम्ही बोटं चाटलीत. मी म्हटलं, भात बरा आहे, कांदा करपलाय. खोटं बोललो मामू, तसा भात मी पुन्हा कुठे खाल्ला नाही. पण तेव्हा तुम्ही त्याच्याशी बोलताना जसे खुलत होतात तसे माझ्याशी कधी खुलला नव्हतात, आणि ते मला सहन होत नव्हतं. माझी मुलगी तेव्हा पाच महिन्यांची होती, मी तिला अजून पाहिलीही नव्हती, आणि घराचं जोतं तेवढं झालं होतं. मी घरी पाठवला गेलो तर काय तोंड घेऊन जाऊ, हेच डोक्यात. तुम्ही घरी गेलात तर, हा विचार मी केलाच नव्हता. तुमच्याशिवाय हे दुकान चालू शकतं असं मला वाटलंच नव्हतं.

आता सांगतो. त्या वर्षी तुम्ही सांगितलंत तसे वायपर मी बाणकोटला आणून लावले. नाखव्याने बघितलं, पुठ्ठ्यावर बाणकोटपुढे खूणही केली. चार दिवसांनी संध्याकाळी समुद्रावर ढग दिसले. तुम्ही मगरिबच्या नमाजाला गेला होतात. मी शिडी लावली आणि सगळी खोकी परत माळ्यावर नेली, सायलेन्सरच्या मागे, पुढे बंपरचे खोके ओढून. दहा मिनिटांचं काम. मला एवढंच पाहिजे होतं की पावसाच्या दिवशी गर्दीत त्याची फजिती व्हावी, कफीलाने ती बघावी, आणि त्याला म्हणावं, बाबा, तू घरीच बस, पगार घरी येईल.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला पाऊस आला. तुम्ही कस्टममध्ये अडकलेलं पार्सल सोडवायला बंदरावर गेला होतात. अर्ध्या तासात दारात वीस-पंचवीस माणसं, झब्बे भिजून अंगाला चिकटलेले, सगळी खुशीत, सगळ्यांना वायपर पाहिजेत. नाखवा हसत बाणकोटला गेला. खण रिकामा. तो हर्ण्याला गेला, दाभोळला गेला, प्रत्येक बंदरात शोधून आला. मग माझ्याकडे येऊन हळूच विचारलं, "बाणकोटला नाहीत. तू कुठे ठेवलेस का?" मी खांदे उडवले. मामू, मी नुसते खांदे उडवले. गर्दीत डोंगरापलीकडच्या वस्तीवरचा एक म्हातारा होता, पिकअपमध्ये सून आणि चार नातवंडं. ओढा भरायच्या आत त्याला पलीकडे जायचं होतं. तो दोनदा म्हणाला, मला एक तरी द्या. मग थांबलाच नाही, काचेवर हात फिरवत, खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी चालवत गेला. मी दारातून बघत होतो, आणि तेवढ्यात शिडी लावून एक जोड काढून देणं मला शक्य होतं. तो सुखरूप पोचला हे आपल्याला दोन दिवसांनी कळलं. ते दोन दिवस मला अन्न गेलं नाही, आणि तुम्हाला वाटलं मला ताप आहे.

कफील आला तेव्हा गर्दीचा आवाज वाढला होता. नाखवा काउंटरमागे उभा, घाम पुसत, रिकामा खण पुन्हा पुन्हा चाचपत. आणि तेवढ्यात तुम्ही आलात, ती काळी लांब दांड्याची छत्री उघडून. सगळ्या दुब्यात छत्री घेणारे तुम्ही एकटेच, त्यामुळे एरवी लोक हसायचे. त्या दिवशी कोणी हसलं नाही. कफीलाने विचारलं, वायपर कुठे आहेत? तुम्ही बाणकोटचा खण बघितलात. मग माळ्याकडे बघितलंत. मग माझ्याकडे, फार नाही, एखादा श्वास घेण्याएवढं. आणि कफीलाला म्हणालात, "माझी चूक. मीच परत वर टाकले आणि विसरलो. याला सांगायचं राहून गेलं." मला म्हणालात, "चढ रे, काढ खाली." तुम्हाला दोन वर्षं शिडी चढता येत नव्हती. हे मला माहीत होतं, तुम्हाला माहीत होतं, नाखव्याला माहीत होतं. महिन्यातून एकदा येणाऱ्या कफीलाला तेवढं माहीत नव्हतं.

संध्याकाळी तुम्ही भाकरी थापत होतात आणि मी तुमच्या बोलण्याची वाट बघत होतो. चार मुस्काटात दिल्या असत्यात तर बरं झालं असतं. तुम्ही तव्यावरून नजर न काढता म्हणालात, "पाऊस आहे तोवर वायपर धक्क्यावरच ठेवू. आणि शिडीच्या पायांना रबर लाव, घसरून पडशील." एवढंच. बारा दिवसांनी कफील पुन्हा आला. तो माणूस वाईट नव्हता, हे तुम्हीच म्हणायचात. त्याने तुमचा हात हातात घेतला आणि म्हणाला, शेख, तीस वर्षं झाली, आता तू थकलास, विसरायला लागलास, घरी जाऊन आराम कर, भाचा राहू दे. मी तोंड उघडलं. काउंटरखालून तुम्ही माझं मनगट धरलंत, असं घट्ट की तुमच्या बोटांवरच्या मार्करचा डाग पडला. आणि हसत कफीलाला म्हणालात, "बरोबर आहे. गुडघे आधी गेले, आता डोकंही चाललं."

इकामा संपायला दोन महिने होते. त्या दोन महिन्यांत तुम्ही नाखव्याला असं शिकवलंत की तो डोळे मिटून वेंगुर्ल्यापर्यंत जाऊन येऊ लागला. तबूकच्या विमानतळावर त्यानेच सोडलं आपल्याला, त्याच्या गाडीने, वाटेत सारखा शेमला डोळ्यांना लावत. तुम्ही आत जाताना छत्री माझ्या हातात दिलीत. मी म्हटलं, "मला कशाला, तुम्हाला तिकडे लागेल." तुम्ही म्हणालात, "तिकडे काय, दुकानाला लागून दुकान छत्र्यांचं. इथे कुठे मिळणार तुला?" मी तेव्हा म्हणायला पाहिजे होतं. मला वाटलं, फोनवर बोलू. मग वाटलं, सुट्टीवर गेलो की समोरासमोर बोलू. सुट्टीवर गेलो तेव्हा तुम्ही सगळ्या गावासमोर माझी एवढी तारीफ केलीत, की तोंडात गुळणी धरून बसलो.

तुम्ही घरी गेल्यावर नाखवा त्याबद्दल एकदाच बोलला. दुसऱ्या वर्षी, ढग आले होते, मी खोकी पुढे आणत होतो. शिडी धरून खाली उभा होता. म्हणाला, "तुझ्या मामाला शिडी चढता येत नव्हती." मी वर, खोकं छातीशी धरून. तो पुढे म्हणाला, "मालेश, जाऊ दे. उतर सांभाळून." त्यानंतर इतकी वर्षं आम्ही दोघं इथे आहोत, त्याच्या मुलींच्या लग्नांत मी जेवलो, माझ्या मुलीच्या दहावीचे पेढे त्याने सगळ्या गल्लीत वाटले. बंदरं तशीच आहेत. परवा गिऱ्हाइकाने विचारलं हा दाभोळ कुठे आहे, तर नाखव्याने हात लांब करून समुद्राकडे दाखवलं आणि म्हणाला, तिकडे, दोन म्हातारे बोट हाकतील तर सहा दिवस. तुमचा पुठ्ठा अजून भिंतीला आहे, कडा वाळवीने खाल्ल्यात. तो मी मागितला, तर नाही म्हणाला. माझा आहे म्हणाला.

हा कागद मी कुठे पाठवणार, मामू. कबरीवर वाचून दाखवेन असं आता वाटतंय, पण मला मी ओळखतो, तिथे जाऊन फातेहा पढेन, फुलं ठेवेन आणि मामींकडे चहाला जाईन. म्हणून तो बाणकोटच्या खणात, फिल्टरच्या मागे ठेवतो. नाखव्याला मराठी वाचता येत नाही आणि त्याला यातलं काही नवीन नाही.

फक्त एक राहिलं. तुमचा शेवटचा फोन. मामींनी लावून दिला होता, तुमचा आवाज आत गेलेला, दोन शब्दांमध्ये धाप. मी ठरवलं होतं की आज सांगायचंच. तुम्ही माझी तब्येत विचारलीत, नाखव्याची विचारलीत, आणि मग म्हणालात, "वस्म लागला असेल ना रे? वायपर पुढे आणलेस?" मी म्हटलं, "हो मामू, कधीच." तुम्ही म्हणालात, "शाबास." तेवढ्यात फोन तुटला, आणि तीन दिवसांनी खबर आली. नव्हते आणले, मामू. फोन खिशात टाकून मग शिडी लावली.